पंचांच्या अंगावर क्रिप्टो : खेळाच्या मंडळांनी हा पैसा घ्यावा का?

मिडऑफ

बीसीसीआयने सप्टेंबर २०२५ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीसाठी नवा प्रायोजक शोधायला घेतला, तेव्हा कोणी अर्ज करू नये याची यादीच दिली होती. दारू, तंबाखू, सट्टा, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि त्यांच्याच पंगतीला क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी आभासी नाणी. पैसे लावून खेळायच्या गेमांवरच्या ऑगस्टमधल्या नव्या कायद्यामुळे आधीचा प्रायोजक ड्रीम११ बाहेर पडला, मग अपोलो टायर्स आले, सगळी चर्चा गेमिंगवर झाली. क्रिप्टोबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मला काढायचाय. २०२१ ची आयपीएल अर्ध्यावर थांबून युएईला गेली आणि तिच्या पाठोपाठ तिथेच टी-ट्वेंटी विश्वचषक झाला, ते दिवस आठवा. षटक संपलं की क्रिप्टोच्या जाहिरातीत रणवीर सिंग 'कुछ तो बदलेगा' म्हणत हजर. पुढच्या ब्रेकमध्ये 'बिटकॉइन लिया क्या?' घरात दूध घेतलं का हे विचारायला माणूस नाही, पण बिटकॉइनची चौकशी रोज.

अमेरिकेत तर उत आला होता. एफटीएक्स नावाच्या क्रिप्टो एक्स्चेंजने, म्हणजे नाणी खरेदी-विक्रीच्या बाजाराने, २०२१ मध्ये मायामी हीट या बास्केटबॉल संघाच्या स्टेडियमला १९ वर्षांसाठी आपलं नाव द्यायला १३.५ कोटी डॉलर कबूल केले. त्याच वर्षी मेजर लीग बेसबॉलच्या पंचांच्या गणवेशावर त्यांचा बिल्ला आला, फॉर्म्युला वनमध्ये मर्सिडीजच्या गाडीवर नाव आलं. ११ नोव्हेंबर २०२२ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तो ब्राझीलच्या शर्यतीचा आठवडा होता, मर्सिडीजवाल्यांना धावपळ करून गाडीवरून नाव काढावं लागलं.

मला सगळ्यात खटकतो तो पंचांचा बिल्ला. खेळाडू पैसे घेऊन कपडे घालतो हे शाळकरी पोरालाही कळतं. पंच हा मैदानावरचा एकमेव माणूस, जो कोणाच्या बाजूचा नसतो. नेमकं त्याचंच अंग या कंपनीला हवं होतं! ही मंडळी जागा विकत घेत नाहीत, पत विकत घेतात. मग पत विकणाऱ्याने आधी चौकशी करायला नको का? बंदी योग्य की 'ज्याने त्याने आपापलं बघावं' योग्य? अनुभव असतील तर तेही लिहा.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. 'क्रिप्टो वेगळं आणि ब्लॉकचेन तंत्रज्ञान वेगळं' हा प्रतिसाद कितव्या नंबरला येतो ते बघू.

ब्लॉकवाला

दुसऱ्या. आलो, बसा.

क्रिप्टो वेगळं आणि एफटीएक्स वेगळं. तिथे जे झालं ती जुनी, ओळखीची अफरातफर होती. ग्राहकांनी ठेवायला दिलेले पैसे मालकाने आपल्याच दुसऱ्या कंपनीकडे, अलामेडाकडे, वळवले. सॅम बँकमन-फ्रीडला त्यासाठी मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. हे सहकारी बँकेतही होतं. म्हणून सगळ्या बँकांना मैदानाबाहेर काढायचं का?

दुसरं, जे टिकले त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. लॉस एंजेलिसचं स्टेपल्स सेंटर २५ डिसेंबर २०२१ पासून क्रिप्टो डॉट कॉम अरीना झालं. २० वर्षांचे ७० कोटी डॉलर. तेव्हाही सगळे हसले होते. आज पाटी जागेवर आहे. फॉर्म्युला वनबरोबरचा त्यांचा करार तर २०३० पर्यंत वाढलाय. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या घरात असलेला बिटकॉइन वर्षभराने १६ हजारांवर आला हे सगळे सांगतात, डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख ओलांडले हे सांगताना घसा बसतो.

फुलटॉस

भारतीय जर्सीवर यायचं म्हणजे हिंमत लागते राव. सहारा, ऑनलाइन शिकवणीवाले बायजूज, ड्रीम११. एकेकाची पत्रिका बघा. क्रिप्टोवाल्यांना बंदी घालून बीसीसीआयने उलट त्यांचे प्राण वाचवलेत. टायरवाल्यांनी लिंबू-मिरची बांधून घ्यावी, त्यांना तशीही गाडीला बांधायची सवय असेल.

(हलके घ्या.)

जुना_जाणता

फुलटॉस, चेष्टा पुरे, पण सहाराचं नाव काढलंतच तर नीट काढू. तरुण मंडळींना वाटतं हे सगळं क्रिप्टोने सुरू झालं.

सुप्रीम कोर्टाने ३१ ऑगस्ट २०१२ ला सहाराच्या दोन कंपन्यांना ठेवीदारांचे सुमारे २४ हजार कोटी व्याजासकट परत करा म्हणून सांगितलं. ठेवीदार कोण? गावोगावचे हातावर पोट असलेले लोक. त्या निकालानंतर भारतीय संघाच्या छातीवरून सहारा कधी गेलं? २०१३ संपल्यावर. म्हणजे निकालानंतरही वर्षभराहून जास्त काळ आपण त्या जर्सीला टाळ्या वाजवत होतो. मंडळाने ब्र काढला नाही, कारण करार चालू होता.

आणि पुणेकरांनो, गहुंजे विसरलात? ते स्टेडियम २०१२ मध्ये सुरू झालं तेव्हा नाव होतं सुब्रत रॉय सहारा स्टेडियम. नाव देण्याचे दोनशे कोटींच्या वर ठरले होते. हप्ते थकले, २०१३ मध्ये नाव गेलं, आज ते नुसतं एमसीएचं, म्हणजे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं, स्टेडियम आहे. त्याच मालकाची आयपीएलमधली पुणे वॉरियर्स, २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरला घेतलेली, तीन मोसमांत गाशा गुंडाळून गेली.

मुद्दा असा, की नवा पैसा घाईत असतो आणि त्याला लवकरात लवकर जुनं दिसायचं असतं. ह्यूस्टनला बेसबॉलचं एन्रॉन फील्ड होतं, आपल्या दाभोळ वीजप्रकल्पवाल्या एन्रॉनचं. ती कंपनी २००१ च्या डिसेंबरात बुडाली, तर संघाला स्वतःचे २१ लाख डॉलर देऊन नाव परत सोडवून घ्यावं लागलं.

कोकणी_माणूस

एन्रॉनची आठवण काढून सकाळी सकाळी रक्तदाब वाढवलात जाणत्या. आमच्या गुहागरात तो विषय अजून कोणासमोर काढायची सोय नाही. बाकी चालू द्या.

अटलांटिक_काठ

मी फ्लोरिडात, मायामीपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. त्या स्टेडियमबद्दल थोडं.

नाव म्हणजे फक्त दारावरची पाटी नाही. छपरावर एवढा मोठा लोगो की विमानातून दिसावा. कोर्टच्या लाकडी फरशीवर लोगो. दारावरच्या सुरक्षारक्षकाच्या शर्टावर लोगो, कर्मचाऱ्यांच्या गळ्यातल्या कार्डावर लोगो. कंपनी बुडाली त्या रात्री हे सगळं काढता येत नाही. आधी न्यायालयाने करार मोडायला परवानगी द्यायची, ती जानेवारी २०२३ मध्ये मिळाली. तोवर बुडालेल्या कंपनीच्या छपराखाली सामने चालू. मी डिसेंबरात एका सामन्याला गेलो होतो. शेजारचा माणूस आपल्या मुलाला फरशीवरची अक्षरं दाखवून सांगत होता की बाळा, तुझ्या काकाचं कॉलेज तिथे गेलं.

एक बाजू इथल्या बातम्यांत असते, बाहेर फारशी जात नाही. ते स्टेडियम मायामी-डेड काउंटीच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारच्या, मालकीचं. कराराचा मोठा वाटा संघाला नव्हे, काउंटीला मिळणार होता, आणि त्यातून गोळीबार-हिंसाचार रोखण्याच्या आणि पोरांना उन्हाळी कामं देण्याच्या योजना चालवायच्या होत्या. त्यामुळे 'नको तो पैसा' असं म्हणणं तेव्हा कोणालाही जड गेलं असतं. पुढे एप्रिल २०२३ मध्ये कासेया ही सॉफ्टवेअर कंपनी आली, १७ वर्षांचे ११ कोटी ७४ लाख डॉलर. काउंटी सावरली, संघ सावरला. शेजारच्या माणसाचा भाऊ सावरला का ते माहीत नाही.

आणि फेब्रुवारी २०२२ चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना! तीस सेकंदांना ६५ लाख डॉलरच्या आसपास दर. कॉइनबेस या क्रिप्टो एक्स्चेंजने पडद्यावर नुसता इकडून तिकडे तरंगणारा क्यूआर कोड दाखवला, बाकी काही नाही. इतक्या लोकांनी स्कॅन केला की ॲप झोपलं. आमच्या घरी जमलेल्या पाहुण्यांत तीन फोन एकदम वर झाले होते. पुढच्या वर्षी त्याच सुपर बोलमध्ये एकही क्रिप्टो जाहिरात नव्हती.

चौकस_चिमणी

एक बाळबोध प्रश्न. एफटीएक्सच्या लोकांना पैसे परत मिळाले असं वाचलं होतं, तेही जास्तीचे. मग काकाचं कॉलेज बुडालं कसं?

हिशेबनीस

चिमणी, प्रश्न बाळबोध नाही, सगळा घोळ तिथेच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या योजनेत बहुतेक ग्राहकांना दाव्याच्या सुमारे ११८ टक्के देण्याचं ठरलं. पण दावा मोजला नोव्हेंबर २०२२ च्या भावाने. एक बिटकॉइन ठेवलेल्या माणसाला तेव्हाच्या १६-१७ हजार डॉलरच्या हिशेबाने पैसे, आणि मंजुरीच्या वेळी बाजारात भाव साठ हजारांवर. कागदावर ११८ टक्के, हातात नाण्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. ब्लॉकवाल्यांनी लाख ओलांडल्याचं कौतुक केलंय, त्या लाखात या लोकांचा वाटा नाही.

आता आपल्याकडचं. मी सांगलीकडे करसल्लागार आहे. २०२१ च्या दिवाळीनंतर जी नवी गिऱ्हाइकं आली त्यातली बरीचशी मॅच बघून ॲप घेतलेली होती. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आला, १ एप्रिलपासून लागू. जुलैपासून प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस. या सगळ्यात मेख अशी की एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही.

एक दूध संकलनवाला मुलगा आला होता. मोबाइल पुढे केला. एका नाण्यात ८० हजार नफा, दुसऱ्यात ९० हजार तोटा. म्हणाला, "साहेब, मी दहा हजारांनी बुडालोय, रिटर्न भरायची गरज नाही ना?" मी त्याला कागदावर मांडून दाखवलं : ८० हजारांवर ३० टक्के म्हणजे २४ हजार, वर चार टक्के सेस, एकूण २४,९६०. तो कागदाकडे बघत म्हणाला, "हे जाहिरातीत कुठं होतं?" कुठेच नव्हतं, तेव्हा कायदाच आला नव्हता. पण रिझर्व्ह बँक २०१३ पासून बोंबलत होती, ते तरी कुठे होतं?

जाहिरातींच्या परिषदेने, एएससीआयने, 'हे अनियंत्रित आहे, जोखीम मोठी आहे, नुकसान झालं तर दाद मागायला जागा नसेल' अशी सूचना सक्तीची केली ती १ एप्रिल २०२२ पासून. तोपर्यंत विश्वचषक संपून साडेचार महिने झाले होते. वरात गेल्यावर घोडं.

व्यवस्थापक

या धाग्यावरचा एक प्रतिसाद काढला आहे. सदस्याने 'माझ्या कोडवरून खातं उघडा, शंभर रुपयांचं बिटकॉइन मिळवा' असं लिहिलं होतं. या धाग्यावर हे करायला विशेष धाडस लागतं.

रिकामटेकडा

हसून हसून पॉपकॉर्न सांडले.

सोनचाफा

मी लंडनमध्ये असते, फुटबॉलवेडी. इथला प्रकार थोडा वेगळा आणि मला विचाराल तर जास्त वाईट. तिथे नाव विकलं, इथे चाहत्याचं प्रेमच विकायला काढलं.

सोशिओस नावाची कंपनी क्लबांबरोबर 'फॅन टोकन', म्हणजे क्लबच्या नावाचं क्रिप्टो नाणं, काढते. टोकन घ्या आणि क्लबच्या निर्णयात मत द्या! मत कशावर? गोल झाला की कोणतं गाणं वाजवायचं, ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर काय लिहायचं. तिकीट किती महाग करायचं यावर नाही, प्रशिक्षक ठेवायचा की नाही यावर तर नाहीच नाही. आणि टोकनचा भाव मात्र वरखाली होतो, म्हणजे घेणारा नकळत सट्ट्यात. क्रिस्टल पॅलेसच्या चाहत्यांनी याविरुद्ध स्टेडियममध्ये फलक धरले होते. आर्सेनलच्या टोकनच्या जाहिरातींवर इथल्या जाहिरात नियामकाने डिसेंबर २०२१ मध्ये बंदी घातली, कारण जोखीम आणि कर यांचा धड उल्लेख नव्हता. हिशेबनीस काका, तुमच्या दूधवाल्याचा प्रश्न इथे नियामकाने विचारला एवढंच.

आता मिडऑफचा 'चौकशी' हा मुद्दा. मँचेस्टर सिटीने नोव्हेंबर २०२१ मध्ये थ्रीकी नावाच्या क्रिप्टो कंपनीशी भागीदारी जाहीर केली. पत्रकारांनी आणि चाहत्यांनी शोधायला घेतलं तर कंपनीच्या अधिकाऱ्यांचा इंटरनेटवर मागमूस नाही. घोषणेत ज्यांची नावं होती ती माणसं कोण, कुठली, काही पत्ता लागेना. काही दिवसांत क्लबने करार स्थगित केला. जगातल्या श्रीमंत क्लबांपैकी एक, वकिलांची फौज पदरी, आणि घरबसल्या चाहत्यांना जे दिसलं ते त्यांना दिसलं नाही!

इंटर मिलानचं तर विचारूच नका. डिजिटलबिट्स या क्रिप्टोवाल्यांचा चार वर्षांचा साडेआठ कोटी युरोंचा करार. पैसे थकले. २०२३ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, क्लबच्या कित्येक वर्षांतल्या सगळ्यात मोठ्या सामन्यात, छातीवर ऐनवेळी पॅरामाउंट प्लसचं नाव लावून उतरले.

ब्लॉकवाला

सोनचाफा ताई, फॅन टोकनबद्दल सहमत, तो फालतूपणा आहे. पण बघा, तुमच्या प्रत्येक उदाहरणात बाजाराने किंवा नियामकाने आपलं काम केलं. चाहत्यांनी ओरड केली, करार थांबला. जाहिरात खोटी होती, ती काढली. सरसकट बंदीची गरज कुठे पडली?

बायजूज क्रिप्टो नव्हतं, सहारा क्रिप्टो नव्हतं, एन्रॉन नव्हतं. 'अमुक धंदा नको' म्हणून प्रश्न सुटत नाही, उद्या वेगळ्या नावाने तोच माणूस येतो. आणि ज्या देशात सरकार ३० टक्के कर घेतं तिथे 'हा पैसा घाण आहे' म्हणणं म्हणजे दुतोंडीपणा.

फुलटॉस

शेवटच्या वाक्याला +१. सरकारला चालतो, बीसीसीआयला विटाळ.

मडगांवकर

आमच्याकडे मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी असतात. त्यांच्यावर टीका करायला मीच पहिला. पण तिथे जाणाऱ्याला निदान ठाऊक असतं की आपण जुगार खेळायला चाललोय. जहाज दिसतं, परवाना असतो, हरलो तर भांडायला काउंटर असतो. क्रिप्टोची जाहिरात सांगते की तू हुशार आहेस, गुंतवणूक करतोयस, शेजारी मागे राहिला.

जाता जाता, बंदीने काय होतं तेही पाहिलंय. सट्टेवाल्यांच्या जाहिरातींना मनाई झाली तर तेच नाव पुढे 'न्यूज' किंवा 'ब्लॉग' लावून शर्टावर आलं. बातमी एक नाही, पण शर्टावर न्यूज! पानमसाल्याची इलायची होते तसं.

कलम_४२०

वकिलीच्या धंद्यात आहे, थोडं कायद्याचं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीलाच नव्हे, तिची भलामण करणाऱ्यालाही दंड आहे. पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, शिवाय ठरावीक काळ जाहिरात करायला मनाई. आपण सगळे इथे नट आणि खेळाडू एवढंच धरतो. पण त्या व्याख्येत व्यक्तीचा चेहरा, सही यांच्याबरोबर एखाद्या संस्थेचं नाव किंवा मुद्रा दाखवणंही आहे, जर त्यामुळे ग्राहकाला ते त्या संस्थेचं मत वाटत असेल तर.

'अमुक स्पर्धेचे अधिकृत भागीदार' असं लिहून शेजारी मंडळाचं चिन्ह छापलं तर ते भलामण नाही का? मंडळ म्हणेल की आम्ही जागा दिली, शिफारस केली नाही. पण मग 'अधिकृत' या शब्दाचे वेगळे पैसे कशाला घेता? माझ्या मते यावर दावा उभा राहू शकतो. जिंकेल की नाही ते सोडा, पण असा एक दावा दाखल झाला तर पुढच्या प्रत्येक करारात मंडळाचे वकील चारदा वाचतील.

आणि मंडळाला स्वतःचे पैसे अडकले की काय करायचं ते बरोब्बर कळतं, हेही नोंदवतो. बायजूजने सुमारे १५८ कोटी थकवले तेव्हा बीसीसीआय दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं, जुलै २०२४ मध्ये अर्ज दाखल करून घेतला गेला. काही दिवसांत तडजोड होऊन पैसे मिळायला लागले, मग बाकीच्या सावकारांनी हरकत घेतली, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने ती तडजोड मान्य करणारा आदेश रद्द केला. लढाई कशी का होईना, मंडळाकडे वकील होते. ज्या पालकांनी जर्सी बघून हप्त्यावर कोर्स घेतला त्यांच्याकडे काय होतं?

मंडळ_खजिनदार

आयडीवरून ओळखलंच असेल. पुण्यातल्या पेठेतलं गणपती मंडळ, हिशेब माझ्याकडे. तुम्ही म्हणताय ती सगळी चर्चा आमच्या कार्यालयात सतरंजीवर बसून झालेली आहे.

कमानीचा दर जागेवर ठरतो. चौकातली महाग, गल्लीतली स्वस्त. सोनार येतो, बिल्डर येतो, क्लासवाला येतो. प्रत्येक जण घासाघीस करतो, 'गेल्या वर्षी एवढाच होता की' म्हणतो, निम्मे आधी देतो, निम्म्यांसाठी अनंत चतुर्दशीनंतर हेलपाटे घालायला लावतो. एका वर्षी 'जमिनीत पैसे लावा, दोन वर्षांत दुप्पट' वाली एक कंपनी आली. नाव घेत नाही. चौकातल्या तिन्ही कमानी मागितल्या. आम्ही दर सांगितला, त्यांनी हो म्हटलं. सगळे आगाऊ, रोख. आमचे अध्यक्ष भाजीचा धंदा करतात, फारसे शिकलेले नाहीत. ते लोक गेल्यावर म्हणाले, "ज्याला भाव करायचा नाही त्याला माल नकोय, वेगळंच काही तरी हवंय." नाही म्हणून कळवलं. त्या वर्षी चौकातली कमान फिनेलवाल्याकडे गेली, निम्म्या दरात, आणि ढोलपथकाच्या मानधनाला मला नाकी नऊ आले.

पलीकडच्या मंडळाने ती कंपनी घेतली. पुढच्या वर्षी त्यांची पोरं वर्गणीला गेली तेव्हा काही घरांत दार उघडलं नाही, काही घरांत उघडून ऐकवलं. आता त्यांची दहीहंडीही आमच्यापेक्षा लहान असते. (हे शेवटचं उगाच, पण खरं आहे.)

जुना_जाणता

खजिनदार, तुमच्या अध्यक्षांना बीसीसीआयवर पाठवा.

कोकणी_माणूस

दंडवत. आणि फिनेलवाल्यालाही.

ब्लॉकवाला

किस्सा भारी आहे, पण एक सांगा. ती कंपनी घासाघीस करून आली असती तर घेतली असती ना? मग कसोटी कुठली उरली? क्रिप्टो डॉट कॉमने ७० कोटी डॉलर देताना भाव केला नसेल कशावरून?

मंडळ_खजिनदार

भाव करून आले असते तर 'तुमच्या जमिनीचा सातबारा दाखवा' म्हणालो असतो. तो मागितल्यावर तसेही परत आले नसते.

मिडऑफ

सातबारा! मला मूळ धाग्यात हेच लिहायला हवं होतं असं वाटण्याइतकं बरोबर. धागा बराच फिरून आला, तर परत माझ्या प्रश्नाकडे येतो.

बीसीसीआयच्या त्या निविदेत पात्रतेची अट काय होती? तीन वर्षांची सरासरी उलाढाल ३०० कोटी किंवा तेवढीच निव्वळ मालमत्ता. म्हणजे 'तू आमचे पैसे देऊ शकशील का' एवढंच. ही अट बायजूजने हसत पार केली असती, एफटीएक्सनेही केली असती. 'तुझ्याकडे लोकांनी ठेवलेले पैसे कुठे आहेत' हा प्रश्न कुठेच नाही.

ब्लॉकवाला, तुझा मुद्दा मला निम्मा पटतो. धंद्याच्या नावाने बंदी घालणं आळशीपणाचं आहे, मडगांवकरांनी दाखवलं तसं त्यातून न्यूज आणि इलायची निघते. पण तू म्हणतोस तसं 'बाजाराने आपलं काम केलं' हेही खरं नाही. बाजाराने काम केलं ते लोकांचे पैसे गेल्यावर. सिटीचा एक करार वेळेत थांबला, बाकी ठिकाणी दिवाळखोरीनंतर फलक उतरले.

माझा प्रस्ताव असा. जी कंपनी लोकांचे पैसे स्वतःकडे ठेवते, मग ती क्रिप्टो असो, ठेवी घेणारी असो, आगाऊ फी घेणारी असो, तिने ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत याचं स्वतंत्र लेखापरीक्षकाचं पत्र दर तिमाहीला मंडळाला द्यावं. पत्र आलं नाही की लोगो त्याच आठवड्यात खाली. आणि पंच, चेंडू, स्कोअरबोर्ड हे कोणालाच विकू नये, टायरवाल्यालाही नाही. तोवर बंदी राहू दे, आळशी का असेना.

कलम_४२०

तिमाही पत्राची अट करारात घालणं अगदी शक्य आहे. मंडळं घालणार नाहीत, कारण पत्र हातात आलं की 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. न मागितलेला कागद हाच त्यांचा सगळ्यात मोठा बचाव.

अटलांटिक_काठ

आणि लेखापरीक्षकाच्या पत्रावर किती विसंबायचं? एफटीएक्सकडेही लेखापरीक्षक होते.

हिशेबनीस

होते. म्हणून पत्र कोणाचं तेही बघावं लागतं. भारतात जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवर सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली, ग्राहकांची नाणी वर्षाहून जास्त काळ अडकून पडली. तिथे मालकाने पळवले असं नाही, चोराने पळवले. चोरीपुढे माझ्या सहीचं पत्र काय करणार? तरीही मिडऑफच्या अटीला माझा पाठिंबा, आमच्या व्यवसायाला काम मिळतं.

ब्लॉकवाला

वेगळ्या खात्याची अट मला मान्य. लिहून घ्या, क्रिप्टोवाला स्वतः म्हणतोय. फक्त मग ती बँकांना आणि फिनटेकवाल्यांनाही लावा, एकट्यालाच वर्गाबाहेर उभं करू नका. पंचांचंही मान्य.

पण हा पैसा थांबणार नाही एवढं सांगतो. २०२५ मध्ये कॉइनबेसने ॲस्टन मार्टिनच्या फॉर्म्युला वन संघाला प्रायोजकत्वाची सगळी रक्कम यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या नाण्यातच दिली. म्हणजे आता जाहिरात क्रिप्टोची आणि पैसेही क्रिप्टोतच.

सोनचाफा

आणि त्या संघाने ते विकून लगेच रोख केले की जपून ठेवले, हे कोणी विचारलं का? प्रायोजकावर किती विश्वास आहे ते तिथे कळेल.

हिशेबनीस

आपल्याकडे कोणी असं मानधन दिलं तर मला आधी विचारा. नाण्यात मिळालेलं उत्पन्न, मग विकताना एक टक्का टीडीएस, मग वाढलेल्या भावावर ३० टक्के, आणि भाव पडला तर तो तोटा घरी ठेवायचा. हिशेब करून देईन. फी रुपयांत, आगाऊ.

मंडळ_खजिनदार

घासाघीस चालेल का?